शांघायमधील एक दिवस आणि एक कोष

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन सवयी कायमच्या जडतात. समोर आलेली रक्कम कुठून आली हे विचारण्याची, ही पहिली. आणि ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटे हजर राहण्याची, ही दुसरी. मे २०१९ मध्ये आम्ही चीनच्या सहलीला गेलो, तेव्हा दुसऱ्या सवयीचा मला फार उपयोग झाला. पहिली सवय मात्र किती अपुरी होती, हे त्याच सहलीतील शांघायच्या एका दिवसाने दाखवून दिले. त्या दिवसाची हकिगत वाचकांपुढे ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते.

आमचा गट बत्तीस जणांचा होता. निम्मे लोक आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, बाकीचे जालना, नगर आणि पुण्याचे. कापड, किराणा, आडत, हार्डवेअर अशा व्यवसायांतील कुटुंबे. मी एकटाच पेन्शनर. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, आणि भाभी बरोबर होत्या. दादांचे गुलमंडीवर कापडाचे दुकान आहे. लग्नसराईत पैठणी आणि शालू घेण्यासाठी तिथे तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइके येतात. त्यांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षीच्या डिसेंबरात ठरले होते, आणि व्याह्यांसाठी चीनमधून काही खास वस्तू न्यावी, असे दादांच्या मनात होते.

सहलीबरोबर महाराज होते. सकाळी सहाला कांदा-बटाट्याविना पोहे आणि चहा तयार असे. दुपारसाठी थेपले, दशम्या आणि कोरडी चटणी डब्यांत भरलेली असे. आमची स्थानिक मार्गदर्शिका तिशीच्या आतली एक चिनी मुलगी होती. सूर्यास्तापूर्वी जेवण झालेच पाहिजे, हा आमचा आग्रह तिला पहिल्या दिवशी कळेना. चौथ्या दिवशी मात्र बसमध्ये चढताच ध्वनिवर्धक हातात घेऊन तिने स्वतःहून सांगितले, "आज सूर्य सहा वाजून चाळीस मिनिटांनी मावळणार. आपण साडेपाचला जेवायला बसू." सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. भाभींनी तिला त्या दिवसापासून 'बेटी' म्हणायला सुरुवात केली.

पहिला मुक्काम होता बंड, म्हणजे हुआंगपू नदीचा काठ. हा 'बंड' शब्द आपल्याच 'बांध'चा भाऊबंद आहे. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून उचलून तिकडे नेला. काठावर जुन्या दगडी इमारतींची लांबच लांब रांग आहे. घड्याळाचा मनोरा असलेले कस्टम हाऊस १९२७ चे. त्याच्या शेजारची घुमटाची इमारत १९२३ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेने बांधली. आज तिथे एक चिनी बँक आहे. घुमटाच्या आत, त्या काळच्या आठ व्यापारी शहरांची चित्रे रंगीत तुकड्यांत जडवलेली आहेत. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क यांच्या पंगतीत आपले कलकत्ताही आहे. मी निवृत्त बँकर. साहजिकच इतर मंडळी नदीकडे पाठ करून छायाचित्रे काढत असताना मी त्या दाराशी रेंगाळलो.

थोडे पुढे हिरव्या, टोकदार छपराची एक उंच इमारत दिसते. ती १९२९ मध्ये व्हिक्टर ससून यांनी उभारली. ससून हे नाव आपल्याला परके नाही. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय याच घराण्याच्या नावाने ओळखले जातात. बगदादहून मुंबईत आलेल्या या घराण्याने एकोणिसाव्या शतकात जो पैसा मिळवला, त्यात मोठा वाटा अफूचा होता. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. चीनने ती रोखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रजांनी युद्ध केले आणि १८४२ च्या तहाने शांघायचे बंदर आपल्या व्यापारासाठी उघडून घेतले. माळव्यात या व्यवहाराला भांडवल पुरवणाऱ्यांत मारवाडी आणि गुजराती पेढ्याही होत्या.

गटातील पाच-सहा तरुण मुले माझ्याभोवती जमली होती. मला चेव आला. मी त्यांना म्हणालो, "ही रांग पाहताना तिच्यामागचा पैसा कशाचा होता, तेही पाहा. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत विषवाणिज्य आहे. अफू पिकवणारा वेगळा, विकणारा वेगळा, पैसे पुरवणारा वेगळा. पण कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींनी कर्मबंध होतो. पैसे पुरवणारा हात कोरडा राहत नाही." मुलांनी माना डोलावल्या. मलाही आपण बरे बोललो, असे वाटले. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

तेथून आम्ही युयुआन उद्यानात गेलो. मिंग राजवटीतील एका अधिकाऱ्याने वृद्ध पित्याच्या सुखासाठी १५५९ मध्ये ते आरंभले आणि पुरे व्हायला १५७७ उजाडले. पुढे घराण्याला उतरती कळा लागली. अठराव्या शतकात शहरातील व्यापाऱ्यांनी ते विकत घेऊन पुन्हा उभे केले. बाहेरच्या तळ्यावर नऊ वळणांचा पूल आहे. दुष्ट शक्ती सरळ रेषेतच चालतात, म्हणून त्यांना वळणे पार करता येत नाहीत, अशी समजूत. गर्दी मात्र कुंभमेळ्यासारखी. निघताना मोजणी केली, तर एकतीसच डोकी भरली. जालन्याचे एक आडत व्यापारी सापडेनात. वीस मिनिटांनी ते शेजारच्या बाजारात एका चहाच्या दुकानात मिळाले. दुकानदारीण गणकयंत्रावर आकडा दाखवी, हे तो खोडून आपला दाखवीत. दोघांना एकमेकांचा एकही शब्द समजत नव्हता, पण सौदा रंगात आला होता.

त्या उशिरामुळे पुढचा मुक्काम घाईत होईल, असे वाटले. पण तो सर्वांत लांबला. तो होता रेशमाचे दालन. चीनच्या सहलींत असा एखादा मुक्काम असतोच. आधी प्रात्यक्षिक, मग विक्री. एका तरुण कर्मचाऱ्याने हसतमुखाने प्राचीन कथा सांगितली: पीत सम्राटाच्या राणीच्या चहाच्या पेल्यात तुतीवरून एक कोष पडला, गरम पाण्यात सैल झाला, आणि त्यातून न तुटणारा धागा निघू लागला. मग त्याने यंत्र दाखवले. वाफाळत्या पाण्याच्या हौदात पांढरे कोष तरंगत होते आणि प्रत्येकातून केसाहून बारीक तंतू वर ओढला जात होता. एका कोषातून कित्येकशे मीटर सलग तंतू निघतो, असे तो म्हणाला. पुढच्या मेजावर रजईचे काम होते. दोन अळ्यांनी मिळून केलेल्या कोषाचा धागा गुंतलेला असतो, तो सरळ उकलत नाही. म्हणून असा कोष ओला करून कमानीवर ताणतात आणि थरावर थर देऊन रजई भरतात. प्रवाशांपैकी चौघांना बोलावून त्या थराचे चार कोपरे ओढायला दिले. दादा पुढे झाले. मूठभर पुंजका पाहता पाहता पलंगाएवढा पसरला. "व्याह्यांसाठी दोन रजया," दादा माझ्या कानात म्हणाले. "असली चीज आपल्याकडे मिळायची नाही."

तेवढ्यात त्या कर्मचाऱ्याने प्रत्येकाच्या हातावर एकेक वाळलेला कोष भेट म्हणून ठेवला. भाभींनी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळले.

"बेटी, आत काय वाजते?" त्यांनी विचारले.

मार्गदर्शिकेने सहज सांगितले, "अळी. वाळलेली आहे."

"मेलेली?"

"हो. पतंग बाहेर पडला, तर तो कोषाला भोक पाडतो आणि धागा तुटतो. म्हणून त्याआधीच गरम वाफ देतात."

भाभींनी पुढे काही विचारले नाही. त्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. कोष त्यांच्या तळहातावर होता. मूठ त्यांनी मिटली नव्हती. दादा विक्रीच्या मेजाशी पाकीट काढून उभे होते. भाभींनी तिथूनच मानेने 'नको' म्हटले. चाळीस वर्षांच्या संसारात दादांनी ही खूण ओळखायला चूक केलेली नाही. विक्रेत्याचा चेहरा उतरला, दादांचाही.

रेशीम कसे होते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नसते? मुनिराजांच्या प्रवचनांत आपण ते अनेकदा ऐकलेले असते. तरीही आमच्या घरात पूजेचे वस्त्र रेशमीच असे, कारण ते 'शुद्ध' मानलेले. ऐकणे आणि तो खुळखुळाट कानाशी ऐकणे, यांत अंतर आहे.

बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात मात्र वेगळेच काही सुरू झाले. नोकरीच्या उत्तरार्धात मी जालना जिल्ह्यातील एका शाखेत होतो. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या भागातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्यानंतर अनेक शेतकरी तुतीकडे वळले. उसापेक्षा पाणी कमी आणि वर्षातून अनेक वेळा पैसा हाती. तुतीच्या लागवडीसाठी आणि कीटक संगोपनगृहांसाठी मी बरीच कर्जे मंजूर केली. स्थळपाहणीला गेलो की, शेतकरी मला शेडमध्ये नेई. रॅकवर पसरलेल्या हजारो अळ्या तुतीची पाने खात असत आणि त्या खाण्याचा आवाज पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा येई. दुष्काळी गावात तो आवाज ऐकून मला समाधान वाटे. शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जात. पुढे जालन्याच्या बाजार समितीतच कोषांची खरेदी सुरू झाली. त्या खात्यांचे हप्ते वेळेवर येत. वरिष्ठांनी माझे कौतुकही केले.

प्रकल्प अहवालात 'कोष उत्पादन, किलोग्रॅम' असा रकाना असे. त्यापुढे दर, त्यापुढे उत्पन्न, त्यापुढे परतफेड. एक किलो रेशमाला साधारण सहा-सात किलो कोष लागतात, हेही मला पाठ होते. एका कोषाचे वजन दीड-दोन ग्रॅम. बसच्या खिडकीशी बसून मी आयुष्यात पहिल्यांदा हा हिशेब दुसऱ्या बाजूने केला. एका पैठणीत रेशीम अर्धाच किलो धरले, तरी किमान दीड-दोन हजार जीव. मग दादांच्या दुकानातील एका लग्नसराईचे किती, आणि मी सही केलेल्या एका कर्जप्रकरणाचे एका वर्षात किती? आकडा वाढत गेला तसा मी तो सोडून दिला. सकाळी साडेनऊला मुलांना जे व्याख्यान दिले होते, ते दुपारी एकला माझ्याच दारी येऊन उभे राहिले होते.

दुपारी डब्यातील जेवण उरकून आम्ही जेड बुद्ध मंदिरात गेलो. ब्रह्मदेशातून आणलेल्या शुभ्र जेडच्या दोन बुद्धमूर्तींसाठी १८८२ मध्ये ते स्थापन झाले. तिथली बसलेली मूर्ती अतिशय प्रसन्न आहे. चीनमधील बौद्ध भिक्षूंच्या आहारात मांस तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो, हे ऐकून आमच्या गटाला आपलेच कोणी भेटल्याचा आनंद झाला. भाभी मात्र अंगणात मागे राहिल्या होत्या. मी पाहिले, तर एका झाडाच्या बुंध्याशी त्यांनी बोटांनी माती उकरली, तो कोष तिथे ठेवला, माती सारखी केली आणि नवकार म्हटला. मार्गदर्शिका शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आमच्याकडे शाळेतली मुले बुटांच्या खोक्याला भोके पाडून त्यात रेशमाच्या अळ्या पाळतात. मीही पाळल्या होत्या. त्यांचे पतंग झाले, अंडी घातली. ते कोष आम्ही कोणी उकळले नाहीत." भाभींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

साडेतीनला आम्ही नदीपलीकडे पुडोंगमध्ये होतो. १९९० पर्यंत जिथे शेते आणि गोदामे होती, तिथे आज ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे. उद्वाहक एका मिनिटाच्या आत ११८ व्या मजल्यावर नेतो. कान बंद होतात आणि उघडेपर्यंत दार उघडते. वरून बंडच्या त्या दगडी इमारती काडेपेट्यांसारख्या दिसल्या. ससूनचे हिरवे छप्पर शोधावे लागले. साडेपाचला ठरल्याप्रमाणे आम्ही जेवायला बसलो. सूर्य मावळण्याच्या आत पाणीही घेऊन झाले. नंतर नौकाविहार. दोन्ही काठ दिव्यांनी उजळलेले, मुले हरखलेली. इतक्या भरगच्च दिवसात आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी फारसे बोललो नव्हतो, हे नौकेत लक्षात आले.

रात्री हॉटेलात दादा माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तू शिकलेला आहेस, सांग. शेतकरी नांगर चालवतो, त्यात किती जीव जातात? ती उद्योगी हिंसा. श्रावकाला ती सर्वस्वी टाळता येत नाही, असे शास्त्रच सांगते. मग रेशीम तेवढे वेगळे कसे?"

मी म्हणालो, "दादा, नांगराखाली जीव येतात, ते न आले तर शेतकऱ्याचे काहीच बिघडत नाही. इथे जीव मेला नाही, तर माल होत नाही. मारणे हाच कामाचा भाग आहे. तो त्रस जीव आहे, आणि मारणाऱ्याला ते ठाऊक आहे."

"मग तू दिलेली कर्जे?"

"त्याचाच विचार सकाळपासून... नाही, दुपारपासून करतो आहे."

दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वडिलांनी त्या दुकानावर आपल्याला वाढवले. पैठणचे विणकर, येवल्याचे विणकर, आपले नोकर, यांची घरे त्यावर चालतात. उद्या मी पैठणी बंद केली, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. एकही अळी वाचणार नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. अफूच्या पेढ्याही असेच म्हणाल्या असतील, हे वाक्य जिभेवर आले होते. ते मी उच्चारले नाही. वडीलधाऱ्याला बोलायचे नाही म्हणून नव्हे. तेच वाक्य मलाही लागू होते म्हणून.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. डिसेंबरात पुतणीचे लग्न झाले. तिच्यासाठी नवी पैठणी घेतली नाही. आमच्या आईची पन्नास वर्षांपूर्वीची पैठणी पेटीतून काढली, काठ नीट करून घेतला आणि तीच तिने नेसली. व्याह्यांना जयपुरी सुती रजया दिल्या. भाभींनी त्या दिवसानंतर नवे रेशीम घेतलेले नाही. आमच्या दोन्ही घरांतील पूजेची वस्त्रे आता सुती आहेत. दादांनी पतंग बाहेर पडू देऊन मग काढलेले 'अहिंसा रेशीम' मागवून पाहिले. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी ते रूढ करण्यासाठी प्रयत्न केले आहेत. तुटलेले तंतू कातून त्याचे सूत करावे लागते, म्हणून चमक कमी आणि किंमत अधिक. माल हळूहळू जातो. पैठणी दुकानात आजही आहे. कोणी पूजेसाठी वस्त्र मागितले, तर दादा आधी सुती दाखवतात आणि कारण विचारले तर सांगतात. याहून अधिक त्यांना जमलेले नाही, आणि अधिक झाले असे सांगून मी त्यांचा गौरव करणार नाही.

माझे काय? मी निवृत्त, थांबवण्यासारखे माझ्या हाती काही उरले नव्हते. दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या मोंढ्यात माझा एक जुना कर्जदार भेटला. हट्टाने चहाला घेऊन गेला. तुतीच्या पैशावर मुलीला परिचारिकेचे शिक्षण दिले, घरावर स्लॅब टाकला, सावकाराचे देणे फिटले, असे सांगताना त्याचे डोळे भरून आले. "साहेब, तुमच्या एका सहीने झाले," तो म्हणाला. दुष्काळाच्या त्या वर्षांत त्याच्या गावात काय चालले होते, हे मी पाहिलेले आहे. मी त्याला म्हणालो, "चांगले झाले." ते खोटे नव्हते. त्याच्या पाठीमागे बाजार समितीकडे निघालेल्या टेम्पोत पांढऱ्या कोषांची पोती होती. तेही खरे होते.

बँकेत दिवसअखेरीस हिशेब जुळला नाही, तर फरकाची रक्कम आम्ही उचंत खात्यात टाकत असू. ती तिथे कायम ठेवायची नसते. शोध घेऊन तिचे योग्य खाते सापडेपर्यंतच ठेवायची असते. माझ्या त्या सह्या अजून उचंत खात्यात आहेत. आता संवत्सरी प्रतिक्रमणात सर्व जीवांची क्षमा मागताना मी क्षणभर थांबतो, आणि भाभींच्या कानाशी वाजलेला तो कोष मला ऐकू येतो.